सोलापूरच्या थंडीत अंगणातली पाखरं : तेरा तासांच्या रात्रीची तयारी

सोलापूर म्हटलं की ऊन. इथे पाखरांसाठी काही करायचं तर एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवायचं, असं बहुतेकांना वाटतं. थंडीत त्यांना काही लागत असेल हे डोक्यात येत नाही, कारण दुपारी आपणच पंखा लावून बसलेले असतो. गोम तिथेच आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा तिशीला टेकतो आणि पहाटे १२-१४ अंशांवर येतो, उत्तरेकडून गार वारे आले की दहाच्याही खाली. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी ऊब सोडून देते.

चिमणीचं वजन पंचवीसेक ग्रॅम. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर. अंग जितकं लहान तितकी ऊब लवकर जाते, आणि ती टिकवायला दिवसभरात खाल्लेलंच रात्री जाळावं लागतं. २१ डिसेंबरच्या सुमाराला सोलापुरात सूर्य सहाला पाच कमी असताना मावळतो आणि सकाळी सातच्या जरा आधी उगवतो. मधे तेरा तास उपास. म्हणून या लेखात दाण्यांच्या आधी झोपायची जागा येते. नवखे लोक नेमकं उलट करतात : ढीगभर दाणे टाकतात आणि पाखरं ज्या झुडपात झोपतात तेच छाटून टाकतात.

लागणारं सामान

एकदम सगळं आणू नका. पहिल्या तीन गोष्टी पुरेशा आहेत, बाकीचं नंतर.

- पसरट मातीचं भांडं, कुंभाराकडचं, आतून खरखरीत. चकचकीत ग्लेझ केलेलं नको.
- एक फूट बाय एक फुटाची लाकडी चौकट आणि तळाला मारायला बारीक स्टीलची जाळी
- बाजरी, राळा, तांदळाची कणी, ज्वारी
- कडब्याच्या दोन-तीन पेंढ्या आणि ताग किंवा काथ्याची सुतळी
- १८ एमएमचा प्लाय किंवा जुन्या खोक्याचं जाड लाकूड, दोन बिजागऱ्या, स्क्रू
- भांडं घासायला वेगळा ब्रश, ब्लीच, हातमोजे
- बुटांचं रिकामं खोकं आणि जुनं सुती फडकं (हे कधी लागेल ते पुढे येतं)

१. आधी आठवडाभर नुसतं बघा

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी पाच ते सहा, हातात काही न घेता अंगणात किंवा गच्चीवर बसा. बघायचं एवढंच, की पाखरं झोपायला कुठे जातात. चिमण्यांचं सोपं असतं. सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास एखाद्या बोगनवेलीत किंवा मेंदीच्या कुंपणात त्यांचा एकच कलकलाट सुरू होतो आणि अंधार पडला की कळ दाबल्यासारखा थांबतो. ते झुडूप लक्षात ठेवा. बुलबुल जोडीनं किंवा चार-सहा जण मिळून दाट पानांत शिरतात. दयाळ आणि चीरक वळचणीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या भोकात, कधी मीटरच्या पेटीमागे. सातभाई फांदीवर एकमेकांना चिकटून ओळीनं बसतात. ऊब वाचवायची सगळ्यात जुनी युक्ती ती.

दुसरं बघायचं ते म्हणजे कोण दाणे खातं आणि कोण किडे. चिमणी, मुनिया, होला, कवडा हे दाण्याचे. बुलबुल, तांबट, साळुंकी फळांचे, आणि साळुंकीला खरं तर सगळंच चालतं. शिंपी, दयाळ, वटवट्या किड्यांचे. शिंजीर मधाचा. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला थिरथिराही अंगणात दिसेल : काळपट अंग, विटकरी शेपूट, आणि ती सारखी थरथरत असते. तोही किड्यांचाच. त्याच्यासमोर बाजरी टाकून उपयोग नाही.

२. झोपायची जागा

झुडूप असेल तर निम्मं काम झालं. नियम एकच : ऑक्टोबर संपायच्या आत छाटणी उरका, मग फेब्रुवारी संपेपर्यंत कात्री लावू नका. गुलाबाची छाटणी खुशाल करा, तिथे कोणी झोपत नाही. बोगनवेल, मधुमालती, मेंदी, कामिनी यांना मात्र हात लावायचा नाही. माळीबुवा दिवाळीनंतर "जरा मोकळं करून देतो" म्हणतात, तेव्हा शेजारी उभं राहून हे सांगावं लागतं. फेब्रुवारीनंतरही कापताना आत घरटं नाही ना बघा, बुलबुल तेव्हापासूनच बसायला लागतो. गुलमोहराच्या भरवशावर राहू नका. थंडीत त्याची पानं झडायला लागतात.

झुडूप नसेल किंवा विरळ असेल तर कडबा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः ईशान्य-पूर्वेकडून येतो. झुडपाच्या किंवा बाल्कनीच्या त्या बाजूला दोन-तीन पेंढ्या उभ्या करून ग्रिलला बांधा. शेंडे वर, बुडखे खाली, आणि पेंढी फार आवळू नका. मधल्या पोकळीत पाखरं शिरतात आणि वाळक्या पानांत लपलेले किडे शिंपी-वटवट्याला मिळतात. तळ जमिनीपासून फूटभर वर ठेवा, नाहीतर उंदीर घर करतात. देवघराची खिडकी, तुळशीवृंदावनातला दिवा आणि फटाके यांच्यापासून लांब. कडबा पेटायला काडी पुरते.

बारदाना बांधायचा मोह होतो, तो टाळा. पोत्याचे सुटलेले धागे पायांत गुंततात. सोलापुरात त्याहून मोठा धोका सुताचा. चादर-टॉवेलच्या कारखान्यांतलं वाया गेलेलं सूत इथे फुकट मिळतं आणि पाखरांना घरट्यासाठी म्हणून लोक प्रेमानं कुंपणावर टाकतात. हे सूत पिळाचं आणि मजबूत, पायाला वेढा बसला की तुटत नाही. पाखरू ओढतं तसा वेढा आवळतो, रक्त थांबतं आणि बोट किंवा अख्खा पाय गळतो. घरट्यासाठी द्यायचंच तर वाळकं गवत, काथ्याचे बोटभर तुकडे आणि नारळाच्या शेंड्या द्या.

आता पेटी. एक गोष्ट आधी सांगितलेली बरी : बहुतेक चिमण्या झुडपातच झोपतात, पेटीत एखाद-दुसरीच. तरी पेटी लावा, कारण जिथे झुडूप नाही तिथे दुसरं काही नाही, आणि फेब्रुवारीपासून तीच घरट्याला कामी येते. सुताराला हे माप द्या (१८ एमएम प्लाय धरून, इंचांत) :

- तळ : ५ × ५. कोपऱ्यांत पाव इंची चार भोकं, ओल निघून जायला
- दोन बाजू : ५ × ९
- पुढची फळी : ६॥ × ९
- मागची फळी : ६॥ × १२. वर दीड आणि खाली दीड इंच जादा, भिंतीला स्क्रू मारायला
- झाकण : ७॥ रुंद × ७ खोल, मागच्या फळीला बिजागरीनं

तळ चारही भिंतींच्या आत बसवायचा, खालून मारायचा नाही, नाहीतर फटीतून ओल आत येते. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटर. त्याची खालची कड तळापासून साडेपाच इंच. भोक दोन इंचांचं केलंत तर साळुंकी पेटी बळकावते, हे हमखास. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला आयता आधार मिळतो. पुढच्या फळीला आतून करवतीनं आडव्या रेघा ओढून घ्या, गुळगुळीत प्लायवर पिल्लांना चढता येत नाही. रंग बाहेरून फिका, आतून काहीच नको. खोका, पत्र्याचा डबा, प्लास्टिकची बाटली यांच्या पेट्या जानेवारीत गार आणि मेमध्ये भट्टी.

पेटी लावायची कुठे, यावर बरेच घोळ होतात. थंडीचा विचार करून उन्हात लावावी तर एप्रिलमध्ये आत पिल्लं भाजतात. सावलीत उत्तरेला लावावी तर हिवाळाभर ऊन नाही. यावर उपाय छज्जाचा. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सोलापुरात सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर असतो, तर मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो. म्हणजे दीड-दोन फुटांच्या छज्जाखाली आग्नेयेकडे तोंड करून पेटी लावली, की हिवाळ्यात तिरपं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊन छज्जा अडवतो. ईशान्येचा वाराही सरळ तोंडात शिरत नाही. उंची आठ ते दहा फूट. पश्चिमेची भिंत कधीच नको.

पेटीत कापूस, लोकर, फोम घालू नका, नखं अडकतात. मूठभर वाळकं गवत पुरे. आत बल्ब सोडायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल तर ती तिथेच सोडून द्या. उजेडानं पाखराची झोप मोडते, आणि दोन रात्रींनी बल्ब उडाला की सवय लागलेलं पाखरू ऐन गारठ्यात बाहेर. झुडपावर रात्रभर दिवा असेल तर तोही बंद करा.

३. दाणे : कोणते, किती, कधी

मिश्रणाचं सरळ माप : बाजरी दोन वाट्या, राळा एक वाटी, तांदळाची कणी एक वाटी, भरडलेली ज्वारी एक वाटी. हे आठवड्याचं करून कोरड्या डब्यात ठेवा. ज्वारी भरडायची कारण मालदांडी ज्वारीचा टपोरा दाणा मुनियाच्या चोचीला मोठा पडतो. होला-कवडा अख्खी गिळतात.

ऊब टिकवायला खरा उपयोग स्निग्धाचा. तो आपल्याकडे शेंगदाण्यात आहे. साध्या भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, रोज दोन चमचे, तेवढ्यापुरता करून. सोलापूरच्या घरात शेंगाचटणी कायम असते म्हणून सांगायला हवं : ती नाही. मीठ आणि तिखट घातलेलं काहीच नाही. पाखरांना जास्तीचं मीठ आपल्यासारखं बाहेर टाकता येत नाही, थोडंसंही बाधतं. फरसाण, चिवडा, खारे दाणे, मिठातला भात हे सगळं यातच आलं. कूट करायच्या आधी शेंगदाणे निवडा. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा बुरशीचा असतो आणि त्या बुरशीचं विष पाखराचं यकृत खातं. आपण थुंकून टाकतो तो दाणा त्यांच्या ताटात नको. भोगीला घरात तीळ असतात, त्यातले चमचाभर कोरडे तीळ चालतील. तिळगूळ नको.

परदेशातले व्हिडिओ बघून काही जण डालड्यात दाणे थिजवून गोळे टांगतात. तिकडे दिवसभर बर्फ असतो. आपल्याकडे सकाळी गोठलेला गोळा दुपारी एकला पाघळतो, पिसांना चिकटतो, आणि तुपकट झालेली पिसं फुगत नाहीत. पिसं फुगली नाहीत तर त्यांच्यात हवा कोंडली जात नाही, आणि रात्री अंगावर दुलई नाही. थंडीसाठी म्हणून केलेल्या गोष्टीनंच पाखरू गारठतं.

धान्य आणताना दोन सापळे आहेत. पहिला, बियाण्याची बाजरी. तिच्यावर औषध चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून दाण्याला लाल-गुलाबी रंग असतो. पेरणीनंतर उरलेली पिशवी कोणी "घ्या पाखरांना" म्हणून दिली तरी घेऊ नका. धुऊनही ती चालत नाही. दुसरा, घरात साठवणीला बोरिक पावडर लावलेलं धान्य. त्यापेक्षा पेठेतल्या धान्याच्या दुकानातून खाण्याची बाजरी किलो-दोन किलोच आणा.

किती? चिमणी दिवसाला चार-पाच ग्रॅम दाणे खाते. एक मूठ म्हणजे चाळीसेक ग्रॅम, त्यात आठ-दहा चिमण्या भागतात. सुरुवात अर्ध्या मुठीनं करा. टाकलेलं तासाभरात संपलं पाहिजे, उरलं तर उद्या कमी टाका. कबुतरं उतरायला लागली तर तुम्ही जास्त टाकताय, असंच समजा. ती आली की चिमण्या हटतात, आणि खालच्या मजल्यावरचे लोक तुमच्याशी बोलायचं बंद करतात ते वेगळंच.

वेळ मात्र पाळा. सकाळी सात ते आठ, कारण पाखरू रात्रभर उपाशी असतं आणि गारठ्यात लांब उडायला अंगात काही नसतं. संध्याकाळी साडेचार ते साडेपाच, रात्रीची शिदोरी. दुपारी टाकायची गरज नाही, तेव्हा त्यांना त्यांचं शोधू द्या. अंधार पडायच्या आत ट्रे झटकून घरात घ्या. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर-घुशी येतात आणि पहाटेच्या दवानं दाणे भिजून बुरशी धरते.

ट्रे म्हणजे एक फुटी चौकट, कडेला इंचभर काठ, तळाला जाळी, म्हणजे पाणी आणि फोलपटं साचत नाहीत. उंची पाच-सहा फूट, झुडपापासून सहा-सात फुटांवर. याहून जवळ ठेवला तर मांजर दबा धरून झेप घेतं, फार लांब ठेवला तर शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आल्यावर पाखरांना लपायला वेळ मिळत नाही. कबुतरांचा त्रास हटेना तर ट्रेभोवती दीड इंची चौकोनाच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा करा. चिमणी आणि मुनिया आरपार जातात, कबुतर आणि कावळा बाहेर राहतात.

कणसं टांगायची आवड असेल तर हंगाम बघा. डिसेंबरमध्ये बाजरीची मिळतात, खरिपाची असल्यामुळे. जोंधळा आपल्याकडे रब्बीचा, तो तेव्हा हुरड्यात असतो. पाच-सहा कणसांची जुडी सुतळीनं बांधून छज्जाखाली टांगा. मुनिया उलट्या लटकून दाणे काढतात तो खेळ बघण्यासारखा असतो. भोरड्यांची (थव्यानं येणाऱ्या गुलाबी मैनांची) काळजी मात्र तुम्ही करू नका. जोंधळ्याच्या शेतात त्यांची पंगत आधीच बसलेली असते, गोफण घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा.

४. दाणे न खाणारे

यांच्यासाठी बाजारातून काही आणायचं नाही, करायचं ते थांबवायचं. पालापाचोळा जाळू नका, कुंपणाच्या कडेला अर्धा फूट थर राहू द्या. थिरथिरा, दयाळ, सातभाई तो उलटापालटा करून किडे काढतात. फवारणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण आला तर पाण्याच्या जोरानं धुऊन काढा. उघड्यावरच्या खतखड्याला दुपारी एकदा काठीनं हलवा, खालची ऊब आणि किडे दोन्ही वर येतात.

फळांच्या पाखरांना पेरू, पपई, चिकू, अर्धं कापलेलं डाळिंब. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला तोटा नाही, फुटलेलं किंवा डागाळलेलं चालतं, फक्त सडलेलं नको. फोड खिळ्याला टोचून ठेवा आणि संध्याकाळी काढा.

शिंजीरासाठी साखरपाणी ठेवू नका. ते दुपारच्या उन्हात आंबतं, त्यावर मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात. त्याऐवजी फुलं : जास्वंद, हमेलिया, कोरांटी, अडुळसा. कोरफडीला थंडीत दांडा येतो, तो कापू नका. एका दांड्यावर शिंजीराचे कितीतरी दिवस निघतात.

५. पाणी

इथे पाणी गोठत नाही, म्हणून थंडीत भांडं आत ठेवून देतात. पण कोरड्या हवेत दाणे खाणाऱ्याला पाणी लागतंच, आणि आंघोळही लागते. धुतलेली, चोचीनं नीट केलेली पिसंच फुगतात आणि ऊब धरतात.

भांड्यात पाणी दोन इंचांहून जास्त नको, मधोमध एक खडबडीत दगड. जागा सकाळचं ऊन येईल अशी. पाणी सकाळी नऊच्या सुमाराला भरा आणि चारनंतर ओतून टाका. संध्याकाळी उशिरा आंघोळ केलेलं पाखरू ओल्या अंगानं झोपतं, आणि ती रात्र त्याला जड जाते. कोमट पाणी घालायची गरज नाही, ग्लिसरीन किंवा मीठ तर अजिबात नाही.

नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात रोज भांडं ओतायचं जिवावर येतं, ते खरं. ओतलेलं पाणी कुंडीला घाला. पण तेच पाणी आठवडाभर ठेवू नका. डेंग्यूचा डास सात-आठ दिवसांत अंड्यापासून तयार होतो, आणि मग पाखरांच्या नावानं सगळी गल्ली आजारी.

६. थंडीची लाट आली तर

सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी झालं, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. तुम्हाला आकड्याची वाट बघायची गरज नाही. दुपारी वारा गार लागला आणि संध्याकाळी आभाळ स्वच्छ असलं, की रात्र कडक जाणार. ढग असले तर उलट उबदार.

अशा दिवशी संध्याकाळचे दाणे दीडपट करा, कूट चार चमचे. सकाळी सातच्या आधी ट्रे तयार ठेवा. त्या दोन-चार दिवसांत झुडपाजवळ झाडणं, कपडे वाळत घालणं, पाइपनं पाणी मारणं नको. रात्री झोपेतून उठलेलं पाखरू अंधारात पुन्हा जागा शोधू शकत नाही, आणि उडण्यात खर्च झालेलं परत मिळवायला सकाळपर्यंत काही नसतं.

७. गारठलेलं पाखरू सापडलं तर

आधी खात्री करा. सकाळी उन्हात पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेलं पाखरू आजारी नसतं, ऊन खात असतं. दोन पावलं जवळ जा. उडालं तर विषय संपला. हात लावेपर्यंत हललं नाही तर उचला.

बुटांच्या खोक्याला पेन्सिलनं आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती फडकं. छोट्या बाटलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर पाखराला सरकता येतं. पाखरू आत, झाकण बंद, खोकं शांत अंधाऱ्या खोलीत. तासभर उघडून बघायचं नाही. मुलांना दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही.

चोच उघडून पाणी घालणं ही सगळ्यात मोठी चूक. जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं, पाणी सरळ तिथे जातं आणि पाखरू आपल्या हातात बुडतं. दूधही नको, ते त्यांना पचतच नाही. तासाभरानं आत फडफड ऐकू आली आणि बाहेर ऊन असलं, तर खोकं झुडपाजवळ उघडं करून मागे व्हा. संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर आतच ठेवून सकाळी आठनंतर सोडा. जखम, लोंबणारा पंख किंवा मांजराचे दात दिसले तर थांबू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बरं झालं म्हणून पिंजऱ्यात ठेवायचं नाही. पोपट असो की मुनिया, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळता येत नाहीत.

८. भांडी घासणं

कंटाळवाणं काम, पण हे करणार नसाल तर ट्रे लावूच नका. एका ट्रेवर पन्नास पाखरं येतात, एकाची विष्ठा दुसऱ्याच्या दाण्यात. रोज कोरड्या ब्रशनं झटका. आठवड्याला एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा, घासा, भरपूर धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. ब्रश मोरीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. ट्रेखालची जागाही बदलत राहा.

दिवसाढवळ्या फुगून ट्रेवरच बसलेला, चोच ओली, घास गिळता न येणारा होला दिसला, किंवा चिमणीच्या डोळ्याभोवती मस्से दिसले, तर दाणे आणि पाणी दोन्ही दोन आठवडे बंद. वाईट वाटतं, पण गर्दी मोडली तरच आजार थांबतो. चार-पाच पाखरं एकदम मेलेली दिसली तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१ च्या जानेवारीत राज्यात बर्ड फ्लू आला होता, तोही हिवाळाच होता.

९. मांजा

नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी संक्रांतीच्या आगेमागे झाडाझाडात तो लोंबताना दिसतो. सकाळी दाणे टाकायच्या आधी आपल्या झाडावर नजर टाका. बांबूला कोयता किंवा आकडी बांधून खाली ओढा आणि बोटभर तुकडे करूनच कचऱ्यात टाका. अखंड गुंता टाकला तर तो कचऱ्याच्या ढिगावरच्या साळुंकीच्या पायात जातो. अडकलेलं पाखरू सोडवताना दोरा ओढू नका. आधी पाखरावर फडकं टाका, मग पंखापासून लांबचा धागा कापा आणि उरलेला सावकाश सोडवा.

१०. फेब्रुवारीनंतर

दाणे एका दिवसात बंद करू नका. महाशिवरात्रीच्या सुमाराला संध्याकाळचा ट्रे थांबवा, मग दोन आठवड्यांत सकाळचा अर्ध्यावर आणा. कडब्याच्या पेंढ्या सोडायच्या आधी आत हात घालून बघा, शिंपी किंवा वटवट्यानं बाजूच्या रोपावर पानं शिवायला घेतली असतील तर त्या महिनाभर तशाच राहू देत. पेटीत काडी जायला लागली की झाकण उघडायचं नाही. पेटी साफ करायची ती घरटं पूर्ण रिकामं झाल्यावर, पावसाळा संपताना.

पाण्याचं भांडं मात्र उचलायचं नाही, हलवायचं. इतके दिवस उन्हात होतं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते सावलीत न्या. पाणी आता दिवसातून दोनदा.